नकाशेवाल्यांच्या कव्हरवरची बुरशी

प्रिय लगबगे,

पत्र बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं रडगाणं तू इतक्या वेळा ऐकलं आहेस की ती आता बातमी राहिलेली नाही. फोन असताना ही बाई कागद कशाला खरडत बसली, असं तुला वाटेल. एक तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी जरा मुद्द्याशी येते न येते तोच "बरं आई, ठेवते, गिऱ्हाईक आलंय" म्हणून मोकळी होतेस. तुमच्या त्या तंबूंच्या दुकानात नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक कसं येतं हे एक कोडंच आहे. आणि दुसरं म्हणजे आमचे चिरंजीव परत आले आहेत. जहाजावरची नोकरी सोडून, पेटीसकट. दिवसभर शेडमध्येच असतो आणि फोन वाजला की कान टवकारतो. तो परत आलाय तो तुझ्यासाठी. मला म्हणाला, आई, तू लिही तिला, तुझं ती ऐकेल. तू माझं ऐकतेस हे मलाही ठाऊक आहे, म्हणून तर लिहिताना धाकधूक वाटतेय. आज त्याला इंजिनाचे सुटे भाग आणायला बाजारात पिटाळलंय, शिलाई मशीनवरचं कापड बाजूला सारलंय आणि बसले आहे. तू सावकाश वाच. मधलं गाळून शेवटाकडे उडी मारू नकोस, तुझी खोड मला माहीत आहे.

आधी कामाचं सांगते. यंदा दमट हवेने नुसता उच्छाद मांडलाय. ऊन नाही, वारा नाही, धक्क्यावरच्या झाडून साऱ्या होड्या कव्हरं पांघरून गप्प बसलेल्या, आणि कव्हरांवर काळे-हिरवे ठिपके. ज्याला त्याला वाटतं की रोग फक्त आपल्याच कव्हराला झालाय. बेकरीवाल्याने तर शहाणपणा करून स्वतःच धुतलं, तेही कपडे पांढरे करायच्या पावडरीत. बुरशी गेली, कव्हर लख्ख झालं, गडी सगळ्या धक्क्याला दाखवत फिरला. जरा जोराचा वारा सुटला आणि शिवणी टराटरा उसवल्या, कारण त्या पावडरीने बुरशीबरोबर दोराही खाल्ला होता. आता सगळी शिवण मी नव्याने घालतेय आणि तो शेजारी उभा राहून मूळचा दोराच कसा हलका होता ते मला ऐकवतोय. तू असतीस तर हसून लोळली असतीस. मी एकटीच हसले, पण एकटीने हसण्यात मजा नाही. मला तुझी फार आठवण येते. हे एकदाचं लिहून टाकते, म्हणजे पुढे आडूनआडून लिहायला नको.

तू शेडमध्ये आलीस तो दिवस आठवतोय का? सून म्हणून घरात आलीस, नवरा जहाजावर गेला आणि रिकामं बसून कंटाळलीस म्हणून माझ्या मागे आलीस. आल्या आल्या पाण्याची नळी उचलून थेट वाळक्या बुरशीवर धरलीस. मी अशी ओरडले की पलीकडच्या रंगवाल्याच्या हातातला ब्रश खाली पडला. आधी कोरडं झाडायचं, तेही बाहेर, वारा आपल्या पाठीमागून वाहत असताना. मग कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. आणि साबण असा काढायचा की फेसाचा टिपूस राहता कामा नये. मला वाटलं, आता ही रडणार. तू उलट विचारलंस, का? साबण का काढायचा? पाणी गरम का नको? इतकी वर्षं मी हे काम करतेय, मला कधी कुणी 'का' विचारलं नव्हतं, आणि त्यातल्या निम्म्यांना माझ्याकडे उत्तर नाही हे मला त्या दिवशी कळलं. रात्री पडल्या पडल्या उत्तरं शोधत बसले, सासूपणाची लाज राखायला.

एरवी तुझी सगळी लगबग. जिना उतरायचा तर धावत, चहा प्यायचा तर उभ्याने. पण कव्हर वाळवताना तुझ्याइतका धीर कुणाला नव्हता. वरून खडखडीत वाळलं तरी दुहेरी शिवणीच्या पोटात ओल राहतेच, आणि दिवसभर पाण्यात राहून आपले हात असे बधिर होतात की गार कुठलं आणि ओलं कुठलं ते त्यांना समजत नाही. तू शिवणीला गाल लावलास. मी म्हटलं, ही काय नवी नाटकं? दुसऱ्या दिवशी तू बाजारात गेली होतीस तेव्हा गुपचूप लावून बघितला. आता आमच्या शेडमध्ये सगळे गालच लावतात. परवा एक नवं गिऱ्हाईक दारात उभं राहून बघत होतं. म्हणालं, बाई, कव्हराला पाप्या देऊन बुरशी जाते होय?

कागदोपत्री आता तू माझी कुणी नाहीस, याची मला अधूनमधून कुणी ना कुणी आठवण करून देतं. शेजारीणबाई तर खास. सून गेली तरी तिच्याशी कसले फोन करता, म्हणते. मी तिला सांगितलं, कोर्टाच्या कागदावर त्या दोघांच्या सह्या आहेत. माझी सही कुणी मागितली नव्हती. तेव्हा माझी फारकत झालेली नाही असं मी धरून चालते. तिने तोंडात बोट घातलं. पण खरं सांगू, असं बोलून दाखवते तेव्हा आत कुठेतरी भीतीच असते. तू उद्या तिकडेच रुळलीस, तुझा नवा संसार झाला, तर मी कोण? नव्या घरात पहिल्या घराच्या सासूला कुठली खुर्ची देतात? म्हणून तो परत यावा, तूही परत यावीस, सगळं पहिल्यासारखं व्हावं, असे मांडे मी मनातल्या मनात बरेच दिवस खात होते. ते लपवत नाही.

आता नकाशेवाल्यांकडे येते. बघ, तुझी मान वर झाली. फोनवर तू सगळ्यांची चौकशी करतेस. बेकरीवाल्याची, रंगवाल्याची, माझ्या गुडघ्याची. आणि सगळं झाल्यावर, फोन ठेवता ठेवता, काहीतरी उगाच आठवल्यासारखं विचारतेस, "आणि त्या नकाशेवाल्यांचं कव्हर? वाळलं का नीट?" मी आजवर "हो, वाळलं" एवढंच सांगत आले. खरं म्हणजे तिथे केवढं रामायण चाललं होतं ते तुला सांगितलंच नाही.

तू गेल्यावर काही दिवसांनी ते आले. तसेच, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, खांद्यात किंचित वाकलेले. आपल्या होडीचं कव्हर खाली ठेवलं, शेडभर नजर फिरवली आणि म्हणाले, त्या दिसत नाहीत? मी म्हटलं, गेली ती, आता इथे राहत नाही. बरं, म्हणाले. मोजणी कचेरीत दिवसभर नकाशे काढून माणूस बोलायचं विसरतो की काय कोण जाणे. मी कव्हर धुतलं, वाळवलं, वॉटरप्रूफचा हात दिला, घेऊन गेले. थोड्याच दिवसांत परत हजर, कव्हरवर बुरशी. पुन्हा धुतलं. पुन्हा बुरशी. तिसऱ्यांदा आले तेव्हा माझी झोप उडाली. अगं, मी धुतलेल्या कव्हरवर इतक्या लवकर बुरशी? आयुष्यात झालं नव्हतं. साबण राहिला का? पाण्यात काही आहे का? माझे डोळे गेले का? नळाचं पाणी बदलून बघितलं, साबण बदलला, ब्रश उकळले. माणसाने आपलंच काम आपल्याच हाताने तपासायचं म्हणजे काय ताप असतो ते मी बघितलं. आणि दर वेळी ते कव्हर घ्यायला यायचे, स्टुलावर बसायचे, आणि बुरशी सोडून तुझीच चौकशी. त्यांना तिकडचं हवापाणी मानवलं का? त्या अजूनही दोरा दाताने तोडतात का? तोडत असतील तर त्यांना एखादी छोटी कात्री दोरीने गळ्यात अडकवायला सांगा, दाताचा टवका उडतो. मी सांगायचे, हो, सांगेन. सांगितलं मात्र कधीच नाही, कारण तेव्हा मला ते सांगायचं नव्हतं. कारण वर लिहिलंच आहे.

मग एक दिवस ऊन पडलं. कधी नव्हे ते लख्ख. त्यांचं कव्हर मी बाहेर दोन खांबांमध्ये ताणून बांधलं आणि चष्मा पुसून लांबून बघितलं. तुला सांगते, मला आधी हसू की रडू ते कळेना. सगळे ठिपके ओळीत! एकामागे एक, सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे, या काठापासून त्या काठापर्यंत. आजवर मी हजार कव्हरांवरची बुरशी बघितली असेल. ती घडीत धरते, खोलगट भागात पाणी साचतं तिथे धरते, पक्षी बसतात तिथे धरते. शाळेतल्या मुलांसारखी रांगेत उभी राहत नाही. जवळ जाऊन वास घेतला. खळीचा वास! कपड्यांना कडक करायला घालतात ती खळ. तेव्हा माझी ट्यूब पेटली. एकदा स्टुलावर बसले असताना मीच त्यांना शिकवलं होतं की बुरशीला आपलं कापड पचत नाही, ती कापडावरच्या घाणीवर जगते, तिला काही खायला मिळालं नाही तर ती येणारच नाही. त्यांनी मान डोलावली होती. घरी जाऊन त्यांनी तिला खायला घातलं होतं.

ते आले तशी मी सरळच विचारलं, खळ कशाने शिंपडता हो? त्यांचे कान लाल झाले. बुटांकडे बघत म्हणाले, झारीने. झाडांना पाणी घालायच्या. शिंपडून ओलं असतानाच घडी घालायची आणि न्हाणीघरात ठेवायचं. मी म्हटलं, अहो, निदान वेडंवाकडं तरी शिंपडायचं! तर म्हणतात कसे, "प्रयत्न केला होता, जमलं नाही." मी एवढी हसले, एवढी हसले की रंगवाला काय झालं म्हणून धावत आला. मग ते म्हणाले, आणि हे मात्र त्यांनी मान वर करून सांगितलं, की "माफ करा, तुमच्या कामाला बट्टा लागेल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण त्यांची बातमी मला दुसरीकडे कुठे मिळणार?" मी विचारलं, मग पत्ताच का नाही मागितलात? तर म्हणाले, त्यांना द्यायचा असता तर जाताना त्यांनीच दिला असता. त्यांच्या मागे तुमच्याकडून घेणं बरं नव्हे. अशी माणसं आहेत अजून. मला त्यांचा राग यायला हवा होता, माझी झोप उडवली म्हणून. आला नाही. पण त्या दिवशीही मी मूग गिळून गप्प बसले. तुला फोनवर एवढंच म्हटलं की वाळलं हो कव्हर.

त्यानंतर काही दिवसांत चिरंजीव आले. दारात पेटी ठेवली आणि लहानपणी हरवून सापडला होता तसा गळ्यात पडला. मी आई आहे, मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? त्याला जेवायला वाढताना मी मनात तुझंही ताट मांडलं. म्हणाला, चुकलं माझं, संसार जमत नाही म्हणालो तो मूर्खपणा होता, आता इथेच राहीन, शेड बघेन, तिला बोलाव. दिसायला तसाच आहे, हसला की समोरचा विरघळतो. शेजारीणबाईसुद्धा विरघळली. सकाळी माझ्याआधी उठून शेड उघडायचा, बादल्या भरायचा, गाणी म्हणायचा. मला वाटलं, गाडी रुळावर आली. रोज तुला फोन करायला हात जायचा आणि मी म्हणायचे, अजून थोडं बघू.

मग त्या मोठ्या प्रवासी बोटीचं कव्हर आलं. तुला माहीतच आहे, तेवढं वाळवायला किती दम लागतो. मी त्याच्यावर सोपवलं, कारण माझा गुडघा. संध्याकाळी बघते तर घडी घालून, पिशवीत भरून, गाठ मारून तयार. मी म्हटलं, गाल लावलास का? हो हो, म्हणाला. बोटवाल्याने पिशवी उघडली तेव्हा आतून असा भपकारा आला की तो दोन पावलं मागे सरला. सगळ्या शिवणींवर बुरशी. आता चूक कुणाच्या हातून होत नाही? तूही केल्या आहेस, मीही. त्याचं मला काही वाटलं नाही. पण मी बोलले तेव्हा तो हसत म्हणाला, "त्यात काय एवढं आई? पुन्हा धुऊ." पुन्हा धुऊ! जसं काही दर धुण्यात कापड थोडं विरत नाही, जसं काही माझे हात नवे आणता येतात. तो वाईट नाही गं. मायाळू आहे, कुणाचं वाईट चिंतणार नाही. पण कुठलीही गोष्ट पुरती वाळेपर्यंत त्याच्याच्याने थांबवत नाही, लहानपणापासून. ते मी घडवलं असेल किंवा तो घडूनच आला असेल, आता त्याची चिकित्सा करून काय उपयोग?

त्या संध्याकाळी आम्ही दोघं ते कव्हर पुन्हा घासत बसलो होतो तेव्हा मी त्याला विचारलं, तुला तिकडे कशाची आठवण यायची? भरभरून सांगायला लागला. घराची, शेडची, या स्टुलाची, मी करते त्या चहाची, संध्याकाळी सगळे मिळून हसायचो त्याची. सगळं जसं होतं तसं पाहिजे, म्हणाला. मी वाट बघत राहिले. मग थोडं सुचवलंही, की तिचं काय आठवतं? म्हणाला, "तीच तर सगळं करायची." पोरी, ते वाक्य ऐकून माझा ब्रश थांबला. बाई म्हणून थांबला, आई म्हणून नाही. आई म्हणून मला त्याचा कळवळाच आला, कारण त्याला खरोखरच वाटत होतं की आपण काहीतरी चांगलं बोललो.

मी सांगितलं, मी तिला तुझ्यासाठी लिहिणार नाही. तुला जे म्हणायचंय ते तू लिही, पत्ता मी घालते. चिडला. "तू माझी आई आहेस का तिची?" म्हणाला. मी म्हटलं, दोघांची. म्हणून तर माझी एवढी पंचाईत. तोंड फिरवून बाहेर गेला, धक्क्यावर बसून राहिला, आणि परत येऊन मुकाट्याने राहिलेलं कव्हर घासलं. त्या दिवसापासून त्याच्या उशाशी कोरा कागद आणि पेन आहे. लिहीलही. लिहिलं तर मी ते अक्षरही न वाचता तुला पाठवीन, शब्द देते. आणि तुला ते वाचून परत यावंसं वाटलं, तर दार उघडंच आहे, मी ओवाळत उभी राहीन. पण माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस. माझा गुडघा, माझी शेड, माझं एकटीचं हसणं, यासाठी तर मुळीच नको. मला ठाऊक आहे, तू एकदा तशी राहिली होतीस. तो पहिल्यांदा घर सोडतो म्हणाला त्यानंतरही तू कितीतरी दिवस इथे राहिलीस ते माझ्यासाठी. तू कधी बोलली नाहीस, मीही कधी बोलले नाही, पण कळत होतं मला. तेव्हा मी ते घेतलं. पुन्हा घेणार नाही.

मधे नकाशेवाले येऊन गेले. या खेपेला हातात कव्हर नव्हतं, नुसतं आधीचं न्यायला आले होते. चिरंजीव बादल्या भरत गाणं म्हणत होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. परत आले का? मी म्हटलं, हो. तिलाही बोलावणार म्हणतोय. त्यांनी कव्हराची घडी काखेत धरली, नीट, काठाला काठ जुळवून, आणि म्हणाले, "चांगलं झालं. त्यांना शेड फार आवडायची." मग दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, आता या कव्हरवर बुरशी येणार नाही, काळजी करू नका. मी तिथेच स्टुलावर बसले आणि पदराने डोळे पुसले. चिरंजीवांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, बुरशीवर लावायचं व्हिनेगर झोंबलं.

आता हे पत्र. लगबगे, पाकिटावर तिकीट नव्हतं हे तुझ्या लक्षात आलं नसेलच. ते टपालाने आलेलं नाही. कालच मी नकाशेवाल्यांच्या कचेरीत निरोप पाठवून त्यांना बोलावून घेतलं आणि म्हटलं, सूनबाईला घरचं पत्र द्यायचंय, टपालावर माझा भरवसा नाही, परवा पहाटेच्या बसने जाऊन पोचवाल का? दुकानाचं नाव सांगितलं, घराचा पत्ता नाही. त्यांना पक्कं वाटतंय की या पाकिटात माझ्या लेकाची रदबदली आहे, तुला परत बोलावणं आहे. मी मुद्दामच तसं वाटू दिलं. जरा दुष्टपणाच झाला माझा, पण मला बघायचं होतं. त्यांनी गळ्याशी लावलेलं बटण चाचपलं. मग म्हणाले, "द्या. जपून नेतो." आज संध्याकाळी येऊन ते हे पाकीट घेऊन जातील. उत्तर घेतल्याशिवाय परत यायचं नाही, असं मी बजावलंय. वर यायचं नाही, खाली गल्ल्यावर पाकीट द्यायचं आणि समोरच्या फुटपाथवर बाक असेल तिथे बसायचं, हे त्यांनीच ठरवलं, तुला अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून. त्यांना कसलंच वचन दिलेलं नाही मी, तुझ्या वतीने तर नाहीच. तुला मनातून काही नसेल तर कुणाकडून दोन ओळी खाली पाठव, ते संध्याकाळच्या बसने निमूट परत येतील आणि ती चिठ्ठी माझ्या लेकाच्या हातात नेऊन देतील, एवढे ते सरळ आहेत. पण काही असेल, तर चिठ्ठी लिहीत बसू नकोस. तू शिवायला बसतेस त्या खिडकीतून खाली बघ. तुला परत न्यायला आलेलं पत्र आपण पोचवलं असं समजून एक माणूस तिथे बसलाय, त्याला खरं काय ते अजून कुणी सांगितलेलं नाही. ते तू सांग. आणि पुढे तुझं घर कुठेही झालं, तरी मला खुर्ची तूच ओढून द्यायची आहेस, हे लक्षात ठेव.

तुझीच, कुठल्याही कागदावर सही नसलेली,
आई